चार दारांचं रेक्झिन

आमच्या घरात चार दारांना प्लॅस्टिक लावलेलं होतं आणि ती चारही दारं मोटारीची होती. घराच्या दाराला साधा पडदासुद्धा नव्हता. आई दर दिवाळीला म्हणायची, पडद्याचं कापड आणू या, आणि बाबा दर दिवाळीला म्हणायचे, "बघू." ज्यांनी पुण्यात जन्म काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगते : आमच्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', आणि 'नक्की बघू' म्हणजे 'पुन्हा विचारू नकोस'. मोटारीच्या बाबतीत मात्र बाबांना काही बघावं लागत नसे. तिला लागेल ते लागेल तेव्हा मिळायचं, आणि आम्ही उरलेलो तिघं, म्हणजे आई, मी आणि माझा धाकटा भाऊ, तिच्या मागून रांगेत उभे असायचो.

मोटार विलायती होती. आजोबांनी ती एका पारशी डॉक्टरांकडून घेतली होती. कोणत्या कंपनीची ते मुद्दामच लिहीत नाही, कारण लिहिलं की या शहरातले किमान चार निवृत्त गृहस्थ मॉडेलचं साल चुकलंय म्हणून मला पत्र पाठवतील, आणि त्यातल्या दोघांची आपसात जुंपेल. रंग पिस्त्यासारखा होता, आणि दारांना आतून डाळिंबी रेक्झिन. मोटारीत बसल्यावर आपण जिथे कोपर टेकवतो ना, तिथे हार्डबोर्डाच्या फळीवर रेक्झिन ताणून बसवलेलं असतं. गॅरेजवाले त्याला पॅड म्हणतात. आमच्या पॅडांना कडेनं साय रंगाची बारीक पायपिंग होती. होती असं मी ऐकून सांगते, कारण आजोबांनी त्यावर जाड प्लॅस्टिक चढवून चहूबाजूंनी ठोकून टाकलं होतं, आणि मला कळायला लागेपर्यंत ते प्लॅस्टिक इतकं पिवळं झालं होतं की आतलं डाळिंबी रेक्झिन कपात उरलेल्या चहासारखं दिसायचं. ते खराब होऊ नये म्हणून झाकलेलं होतं. खराब न झालेलं ते कुणी पाहायचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. आईची दोन पैठणी पातळंही अशीच ट्रंकेत होती.

रविवारी सकाळी रेडिओ अंगणात यायचा, पाठोपाठ बादली, आणि बाबा पंचा गुंडाळून मोटारीची अंघोळ सुरू करायचे. आत आई थालीपीठ थापत असायची. तव्यावरून ते निघताना जो खरपूस वास सुटतो तो आणि मोटारीच्या पॉलिशचा वास माझ्या डोक्यात एकत्रच बसलेत; आजही वारज्याच्या अकराव्या मजल्यावर थालीपीठ लावलं की मला उगाच कुणीतरी बॉनेट पुसतंय असं वाटतं. पाहुणे आले की त्यांना चहाच्या आधी दारं दाखवली जायची. बाबा मागचं दार उघडून धरायचे आणि म्हणायचे, "हे कंपनीचं काम. बोटीतून उतरलं ते अजून तस्सं आहे. बोट लावा... अहं, प्लॅस्टिकवरूनच लावा. आपल्याकडे असं काम व्हायचं नाही." पाहुणे प्लॅस्टिकवर बोट लावून 'वा' म्हणायचे. मग चहा.

मी आज हे हसत लिहितेय, पण बाबांची बाजूही सांगायला हवी. ते एका सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून संपत आले होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. तीस वर्षांत त्यांच्या नावानं कुणी टाळी वाजवली नव्हती. अशा वेळी जुन्या मोटारींच्या हौशी मालकांच्या मंडळानं जाहीर केलं की यंदा मेळाव्यात 'संपूर्ण मूळ स्थितीतील मोटार' असं एक सन्मानपत्र दिलं जाईल, आणि बाबांना ते पत्रक वाचताना मी पाहिलं. त्यांनी ते तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि परत काढून चौथ्यांदा वाचलं. त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं होतं, आणि मला त्यांचा लळा होता म्हणून मलाही ते हवं होतं.

परीक्षक प्लॅस्टिकवरून गुण देणार नव्हते. मेळाव्याच्या महिनाभर आधी बाबांनी देवाला नमस्कार करून प्लॅस्टिकचे खिळे उपसले, आणि आतून असा कुबट वास आला की आई स्वयंपाकघरातून पदर नाकाला लावून बाहेर आली. इतकी वर्षं काचेच्या फटीतून झिरपलेलं पाणी आत कोंडून राहिलं होतं. हार्डबोर्ड भिजलेल्या पापडासारखा फुगला होता, रेक्झिनवर बुरशीची पांढरी नक्षी उठली होती, आणि खालच्या कडा हातात सुटून येत होत्या. ज्या मोटारीला प्लॅस्टिक नव्हतं अशा कुठल्याही मोटारीचं दार याहून बरं असणार. बाबा मटकन पायरीवर बसले. म्हणाले, "प्लॅस्टिक पातळ पडलं. वडिलांनी दुहेरी लावायला हवं होतं."

मेकॅनिकनं सांगितलं की हे काम एकच माणूस करू शकेल, कसब्यातले इस्माईलभाई कुशनवाले. "विलायती काम कसब्यात?" बाबा असं काही म्हणाले की जणू मेकॅनिकनं मोटार म्हशीला बांधायला सांगितली. पण दुसरा इलाज नव्हता. मी नुकतीच बी.ए.ची परीक्षा देऊन घरात बसले होते, तेव्हा बाबांनी मला कामाला लावलं : रोज दुकानात जाऊन बसायचं आणि लक्ष ठेवायचं. कशावर? तर इस्माईलभाई मूळ रेक्झिन बदलून नवीन लावत नाहीत ना, यावर. त्यांना तोंडावर सांगितलंही, "नवं काही घालायचं नाही. हेच रेक्झिन, हीच शिवण. आणि जपून हं, हे तुमच्या रोजच्यातलं काम नाही." इस्माईलभाई चाळिशीच्या आतले, शांत गृहस्थ. ते एवढंच म्हणाले, "बसा साहेब, चहा सांगतो." बाबा म्हणाले, "नको, आज उपवास आहे." दुसऱ्या दिवशी ते पाहायला आले तेव्हाही उपवास होता. त्या पंधरवड्यात बाबांना कसब्यात पाऊल टाकलं की उपवास लागायचा आणि घरी आल्यावर दुप्पट भूक लागायची.

मला कसला उपवास! मी पहिल्याच दिवशी चहात खारी बुडवली. दुकान म्हणजे दोन खण. पुढच्या खणात फळ्या, सुतळी, रेक्झिनच्या गुंडाळ्या, चिकटवायच्या सोल्युशनचा डोक्यात जाणारा वास, आणि मागच्या खणात पडद्याआड शिलाईचं मशीन. पलीकडच्या आळीतून तांबटांची ठोकाठोक दिवसभर चालायची. पडद्याजवळ इस्माईलभाईंच्या आई बसलेल्या असत, अम्माबी. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हात मात्र सारखे चाललेले, लसूण सोल, दोऱ्याची गुंडाळी कर. मला पहिल्या दिवशी म्हणाल्या, "पहाऱ्याला बसवलंय का तुला? नीट बस मग. तिथून काही दिसायचं नाही." आणि मला आत, मशीनशेजारी बसायला जागा दिली. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झालेय, आणि कुणी माझ्यावर पहारा बसवला तर मी त्याला खारी देईन असं मला वाटत नाही.

इस्माईलभाईंचं काम पाहण्यासारखं होतं. आधी किटलीच्या वाफेवर कड धरून ते रेक्झिन फळीपासून बोटबोट सोडवत. घाई नाही, ओढाताण नाही. मग रिठ्याचं कोमट पाणी आणि दाढीचा मऊ ब्रश. बुरशी गेली की खालून तो डाळिंबी रंग असा वर यायचा की मी पहिल्यांदा "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. तीस वर्षं आमच्या घरचे याच्या शेजारी बसत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. चिरा पडल्या होत्या तिथे मागून मलमल चिकटवायची आणि पुढून बोटानं रंग भरायचा. जुनी फळी नव्या फळीवर ठेवून पेन्सिलीनं आखायची, क्लिपांची भोकं तिथल्या तिथेच पाडायची, आणि रेक्झिन थोडं उन्हात धरून मऊ झालं की मधून कडेकडे ताणत बसवायचं. पोळी लाटताना जसा मधून बाहेर हात जातो तसा.

तिसरं दार सोडवताना इस्माईलभाई थांबले. फळी आणि रेक्झिनच्या मध्ये भर म्हणून जो थर घातला होता तो ओला होऊन चिकटला होता. त्यांनी वाफ देऊन तो अलगद उचलला, उजेडात धरला, आणि माझ्याकडे सरकवला. ते वर्तमानपत्र होतं. मराठी. केसांच्या तेलाची जाहिरात, कुणाच्यातरी हरवलेल्या छत्रीबद्दल निवेदन, आणि गणित-इंग्रजीच्या शिकवण्यांचा पत्ता.

विलायतेतल्या कारखान्यात मराठी वर्तमानपत्र! मी ते घडी करून घरी नेलं आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी चष्मा लावला, छत्रीचं निवेदन पूर्ण वाचलं, आमटी भुरकली, आणि म्हणाले, "युद्धानंतर तिकडे कागदाची टंचाई होती. इथून रद्दी जात असणार." भावाला ठसका लागला. मी म्हटलं, "बाबा, लंडनला पुण्याची रद्दी?" तर म्हणाले, "तुला काय माहीत आहे व्यापारातलं?" आई भांडणाचा वास आला की ताक आणायला उठायची. ती उठली.

दुसऱ्या दिवशी मी ही टंचाईची गोष्ट दुकानात सांगितली तेव्हा अम्माबी खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "आण ते दार इकडे." इस्माईलभाईंनी रेक्झिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा पायपिंगवरून फिरवत कोपऱ्यापर्यंत आणला. तिथे थांबल्या. "कोपऱ्यावर पायपिंग कापतात सगळे. मी नाही कापत, आत चिमूटभर चुणी घेते. बघ, आहे का? आणि टीप संपते तिथे उलटे तीन टाके असतील. दोन नाही, तीन." मी बघितलं. चुणी होती. तीन टाके होते. चारही दारांना होते.

मग त्यांना सगळं आठवलं. डॉक्टरांच्या कुत्र्यानं चारही दारं फाडून ठेवली होती. काळ्या टोपीवाले एक साहेब, म्हणजे माझे आजोबा, मोटार घेतल्याघेतल्या इथे आले, आणि काम होईपर्यंत समोरच्या बाकावर बसून राहिले. "पाणी घरून तांब्यात आणायचे. आमचं पाणी चालत नव्हतं, आमची शिलाई चालत होती. जाताना अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाले, कुणाला सांगू नका बरं का, कंपनीचं आहे असंच म्हणू. इस्माईल तेव्हा शाळेत जायचा." त्या हे काही रागानं सांगत नव्हत्या. लसूण सोलता सोलता सांगत होत्या. मग अचानक हात थांबवून म्हणाल्या, "दुकानावर आधी सासऱ्यांचं नाव होतं, मग नवऱ्याचं, आता पोराचं. शिलाई सगळी माझी. चारचौघांत कुणीतरी एकदा म्हणालं पाहिजे की ही हिची शिलाई आहे. एकदाच. मग डोळे गेले तरी चालतील."

मी वीस वर्षांची होते आणि मला रडू आलं. मी म्हटलं, "अम्माबी, तुम्ही मेळाव्याला या. मी तुमचं नाव घ्यायला लावते." शब्दच दिला. त्या म्हणाल्या, "तुझे वडील घेतील?" मी म्हटलं, "घेतील की!" काय मोठी मी शब्द देणारी!

घरी मी बाबांना सगळं सांगितलं. चुणी, टाके, कुत्रा, पाण्याचा तांब्या. तांब्याशी ते जरा चुळबुळले. मी म्हटलं, "एवढंच सांगा ना तिथे, की दारांचं काम कसब्यातल्या अम्माबींचं आहे." बाबा म्हणाले, "बघू." मला या शब्दाचा अर्थ जन्मापासून माहीत होता, आणि तरी मी मनाशी म्हटलं, या वेळी बघतील. मग त्यांनी मंडळाचा अर्ज पुढे ठेवला, कारण घरात अक्षर माझं चांगलं. रकाना होता, 'दारांची आतील आच्छादने'. बाबांनी सांगितलं, "लिही. मूळ, कंपनीची." मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मी लिहिलं. वळणदार अक्षरात, वेलांट्या-बिलांट्या नीट काढून. आज म्हणायला मोकळी आहे की मला लाज वाटली. पण तेव्हा शाई वाळेपर्यंत फुंकरही मीच घातली.

मेळाव्याच्या दिवशी मैदानात पन्नासेक मोटारी आणि प्रत्येक मोटारीमागे एक गृहस्थ, दुसऱ्याच्या मोटारीत काय मूळ नाही ते हलक्या आवाजात सांगणारा. आमची मोटार मात्र खरंच देखणी दिसत होती. दारं उघडली की डाळिंबी रंग नुसता झळकायचा. इस्माईलभाई अम्माबींना रिक्षानं घेऊन आले. अम्माबींनी धुवट पांढरी ओढणी घेतली होती आणि डोळ्यांत सुरमा घातला होता. मी त्यांना आमच्या मोटारीजवळ खुर्ची दिली. बाबांनी त्यांना पाहिलं, लांबूनच अर्धा नमस्कार केला, आणि बॉनेट पुसायला लागले. ते आधीच तीनदा पुसून झालं होतं.

मुख्य परीक्षक आले. निवृत्त इंजिनिअर, डोक्यावर हॅट, हातात भिंग. इंजिनाकडे त्यांनी ओझरतं पाहिलं, दारापाशी मात्र वाकले आणि वाकलेलेच राहिले. भिंगातून पायपिंग बघत कोपऱ्यापर्यंत आले. "हे बघा," ते मागच्या मंडळींना म्हणाले, "याला म्हणतात फॅक्टरी फिनिश. कोपऱ्यावर पायपिंग कापलेली नाही. हे आपल्याकडे होणे नाही. आपल्या लोकांकडे ती चिकाटीच नाही." मंडळींनी माना डोलावल्या. मी बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

मी पुढे झाले. तोंड आपोआप सुरू झालं होतं. "सर, हे काम इथलं आहे. कसब्यातलं. या अम्माबी, यांनी शिवलंय. टीप संपते तिथे तीन उलटे टाके आहेत, तुम्ही बघा." परीक्षकांनी बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं वर्गात चुकून आलेल्या मुलीकडे बघतात तसं. "बाळ, मी चाळीस वर्षं गाड्या बघतोय. हा टाका विलायतेबाहेरचा असूच शकत नाही." मी म्हटलं, "पण ज्यांनी घातला त्या इथे बसल्यात!" "असतील," ते म्हणाले, "वयोमानानं गल्लत होते माणसाची." आणि बाबांकडे वळले. "मालक तुम्ही. तुम्ही सांगा."

सगळं मैदान बाबांकडे बघतंय असं मला वाटलं. प्रत्यक्षात सहासात माणसं असतील. बाबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "माझ्या वडिलांनी मोटार घरी आणली त्या दिवसापासून दारं अशीच आहेत." यातला शब्द न् शब्द खरा होता. इतकं निर्दोष खोटं मी नंतर कोर्टात साक्ष द्यायला गेले तेव्हासुद्धा ऐकलं नाही. परीक्षकांनी समाधानानं पैकीच्या पैकी गुण लिहिले.

तेव्हा अम्माबी खुर्चीतून बोलल्या, ठणठणीत आवाजात. "साहेब, बरोबर बोललात तुम्ही. असा टाका आता इथे कुणाला येत नाही. मलाही नाही येत आता. डोळे गेले." परीक्षक म्हणाले, "बघा, त्यासुद्धा मान्य करतात," आणि पुढच्या मोटारीकडे गेले. टाळ्या नंतर वाजल्या. बाबांचं नाव लाउडस्पीकरवरून घेतलं, आडनावासकट, आणि ते व्यासपीठाकडे चालत गेले तेव्हा त्यांचे खांदे मी कधी पाहिले नव्हते इतके ताठ होते. मला त्यांचा राग आला होता, आणि ते खांदे बघून पोटात तुटलंही. दोन्ही एकदम झालं. अजूनही होतं.

मी अम्माबींना फाटकापर्यंत सोडायला गेले. इस्माईलभाई रिक्षा बघायला पुढे गेले होते. मी रडत होते. मला वाटलं, त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, म्हणतील, तू तरी बोललीस पोरी. त्यांनी माझा हात दंडावरून काढून टाकला.

"मला कशाला बोलावलंस?" त्या म्हणाल्या. "घरात बसून मला माहीत होतं शिलाई कुणाची ते. इथे येऊन पन्नास लोकांसमोर मी खोटी ठरले. तुला बोलायचं होतं तर आधी घरात बोलायचं. तिथे गप्प बसलीस आणि इथे धीट झालीस. आधी घरात भांडायचं, बेटा, मग मला बोलवायचं."

मी अर्जाबद्दल त्यांना सांगितलंच नव्हतं. तरी त्यांना कळलं होतं. रिक्षा आली, त्या चाचपत आत बसल्या, ओढणी सावरली, आणि माझ्याकडे न बघता इस्माईलभाईंना म्हणाल्या, "चल."

मी मैदानात परत गेले नाही. चालत घरी आले. आईनं निरांजन तयार ठेवलं होतं, शेजारचे दोघंतिघं पेढ्यांच्या आशेनं येऊन बसले होते. उन्हं उतरताना मोटार फाटकातून आत आली. बाबा उतरले, सन्मानपत्राची चौकट दोन्ही हातांत धरून, लहान मुलासारखे हसत. आई ओवाळायला पुढे झाली. मी तिला हातानं थांबवलं, दारात उभी राहिले, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा, आत या आणि बसा. मला तुमच्याशी भांडायचंय."